हक्काचा निवारा

निराधाराला आसरा देणे हे समाजाचे कर्तव्य होय. परंतु तो आसरा कोणत्या भावनेने दिला जातो, यावर आसरा घेणाऱ्याचे सुख अवलंबून असते. हे उमजण्यास इंग्लंड देशाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

इ. स. १८३४ मध्ये इंग्लंडात गरिबांविषयी एक नवा कायदा झाला. अनेक गावांनी मिळून करांच्या पैशांतून निराधारांसाठी मोठी गृहे चालवावीत, असे ठरले. या गृहांना ‘वर्कहाउस’ म्हणत. अन्नवस्त्र फुकट मिळाले, तर लोक आळशी बनतील, अशी भीती कायदा करणाऱ्यांना वाटे. म्हणून गृहातील जिणे बाहेरच्या अगदी गरीब मजुराच्या जिण्याहूनही खडतर असावे, असे धोरण त्यांनी आखले.

या गृहाचा उंबरठा ओलांडताच कुटुंबाची ताटातूट होई. पती एका विभागात, पत्नी दुसऱ्या विभागात आणि मुले तिसऱ्याच ठिकाणी ! अंगावरचे कपडे काढून घेऊन सर्वांना एकसारखा पोशाख देत. धडधाकट माणसांना खडी फोडावी लागे किंवा जुन्या दोरखंडांचे धागे बोटांनी सुटे करावे लागत. वृद्ध, रोगी आणि अनाथ मुले यांचा काय अपराध होता ? तरीही त्यांच्या वाट्याला जणू तुरुंगवासच येई. पुढे जगभर गाजलेला विनोदी नट चार्ली चॅप्लिन हा १८९६ साली, वयाच्या सातव्या वर्षी, आई व थोरला भाऊ यांच्यासह लंडनमधील अशाच एका गृहात दाखल झाला होता. तेथे त्या मायलेकरांनाही वेगळे करण्यात आले.

वर्कहाउसची लोकांना विलक्षण लाज वाटे. तेथे जन्मलेल्या बालकाच्या जन्मदाखल्यावर गृहाचे नाव न लिहिता केवळ रस्त्याचा पत्ता लिहावा, अशी सूचना १९०४ साली द्यावी लागली. इतका तो कलंक जन्मभर चिकटे.

हळूहळू लोकमत पालटू लागले. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले. ही रक्कम टपालकचेरीत मिळे. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे. अखेर ५ जुलै १९४८ रोजी गरिबांविषयीचा जुना कायदा संपुष्टात आला. वार्धक्य किंवा दुर्बलता यांमुळे ज्यांना देखभालीची गरज आहे, त्यांना राहण्यास जागा देणे हे स्थानिक शासनसंस्थांचे कर्तव्य ठरले. नवी गृहे पंचवीस-तीस माणसांपुरती लहान असावीत, अशी मंत्री अन्यूरिन बेव्हन यांची कल्पना होती. वृद्धाला आठवड्याला २६ शिलिंग निवृत्तिवेतन मिळे. त्यातून २१ शिलिंग तो गृहाला देई आणि ५ शिलिंग हातखर्चासाठी ठेवी. रक्कम लहानच, पण तिच्यामुळे तो कोणाचा आश्रित राहिला नाही.

तथापि, कायदा बदलला म्हणून सारे एका दिवसात बदलत नाही. पीटर टाउनसेंड या अभ्यासकाने १७३ गृहांना भेटी देऊन १९६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुष्कळ वृद्ध अजूनही वर्कहाउसच्या जुन्या इमारतींतच राहत होते, असे त्याला आढळले. तेथे लांबच लांब दालनांत खाटांच्या रांगा होत्या आणि एकांत असा कोणाला नव्हता. पाटी नवी होती. पण आतील रीत पुष्कळशी जुनीच होती.

आपल्या देशातही २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाविषयी कायदा झाला. किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम प्रत्येक जिल्ह्यात राज्यशासनाला स्थापन करता येईल, अशी तरतूद त्यात आहे. असा आश्रम केवळ विटाचुन्याने उभा राहत नाही. तेथील माणसाला नावाने हाक मारली जाते का, त्याची पेटी त्याच्या उशाशी राहते का आणि त्याला मान वर करून बोलता येते का, यावरून त्याची खरी पारख होते.

स्वाध्याय

१. वर्कहाउसमधील जिणे मुद्दाम खडतर का ठेवले जाई ?
२. ५ शिलिंगांच्या हातखर्चाला लेखकाने इतके महत्त्व का दिले आहे ?
३. ‘पाटी नवी होती, पण आतील रीत पुष्कळशी जुनीच होती,’ हे वाक्य स्पष्ट करा.