मेंदूत डावे-उजवे करावे काय?

मुलुंडच्या शाळेत दहावीत शिकणारा एक मुलगा मध्यंतरी एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. कुठल्याशा वर्गात प्रश्नावली सोडवून घेऊन त्याला ‘उजव्या मेंदूचा’ ठरवले होते. चित्रकला जमेल, गणित जमणार नाही, तेव्हा विज्ञान शाखेच्या वाटेला जाऊ नये, असा सल्लाही दिला होता. त्याचे वडील काळजीत पडले होते. “सर, हे खरे आहे का?” मुलाने विचारले. या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. ते वेगळे करून पाहू या.

पहिला प्रश्न : मेंदूच्या दोन बाजूंची कामे वेगळी असतात काय? काही कामांपुरते उत्तर ‘होय’ असे आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला. या रुग्णाला बोललेले समजे; पण स्वतः बोलताना ‘टॅन’ एवढाच उच्चार येई. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागाला इजा झालेली आढळली. उजव्या हाताने लिहिणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत वाणीचे नियंत्रण मुख्यतः डावा अर्धगोल करतो. गंमत अशी, की डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांत ते डावीकडेच असते! म्हणजे डावखुऱ्याचा मेंदू आरशातल्यासारखा उलटा नसतो.

उजव्या अर्धगोलाला इजा झाली, तर काही रुग्णांचे डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. असा रुग्ण जेवायला बसला, तर ताटातली उजवीकडची भाजी संपते. डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. डोळे अधू नसतात. अवधान अधू झालेले असते.

दोन्ही अर्धगोलांना सुमारे वीस कोटी चेतातंतूंचा एक जाड पट्टा जोडतो. त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांत झटके एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नयेत, म्हणून हा पट्टा कापण्यात आला. अमेरिकेत रॉजर स्पेरी व मायकेल गॅझानिगा यांनी १९६० नंतरच्या दशकात अशा रुग्णांवर प्रयोग केले.

येथे थोडे प्रकाशशास्त्र हवे. डावा डोळा उजव्या अर्धगोलाला जोडलेला असतो, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. बहिर्गोल भिंगाने पडद्यावर पडणारी प्रतिमा उलटी असते, हे तुम्ही शिकला आहात. डोळ्यातही तसेच घडते. नजर समोरच्या बिंदूवर स्थिर ठेवली, तर बिंदूच्या डावीकडील वस्तूची प्रतिमा दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाच्या उजव्या अर्ध्या भागावर पडते. या दोन्ही उजव्या भागांतून निघणारे संदेश उजव्या अर्धगोलाकडे जातात.

आता प्रयोग पाहा. रुग्णाला पडद्यावरील मधल्या बिंदूकडे पाहायला सांगून, डावीकडे चमच्याचे चित्र क्षणभर दाखवले. “काय दिसले?” “काही नाही.” पण पडद्याआडच्या वस्तू डाव्या हाताने चाचपायला सांगताच त्याने नेमका चमचा उचलला! उजव्या अर्धगोलाने चमचा पाहिला होता. पण बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलापर्यंत बातमी पोचलीच नव्हती. या संशोधनाबद्दल स्पेरी यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

दुसरा प्रश्न : मग माणसे ‘डाव्या मेंदूची’ आणि ‘उजव्या मेंदूची’ असतात काय? वरील निष्कर्षावरून ही उडी घेता येत नाही. त्या रुग्णांचा पूल तोडलेला होता. तुमचाआमचा शाबूत आहे आणि त्यावरून सतत ये-जा चालू असते. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. काही जोडण्या एका बाजूला अधिक बळकट आढळल्या. पण एखाद्या माणसाची अख्खी डावी किंवा अख्खी उजवी बाजू वरचढ असते, असे आढळले नाही.

गणिताचेच घ्या. पाठ केलेला पाढा भाषेशी, म्हणून बहुतेकांत डाव्या बाजूशी निगडित असतो. दोन ढिगांतील मोठा कोणता, हे ताडताना दोन्ही बाजू कामाला लागतात. भूमितीत आकृती डोळ्यांपुढे आणावी लागते आणि सिद्धता शब्दांत मांडावी लागते. एका बाजूने ती सुटेल कशी?

हातांचेही तसेच. आपला सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करत असे. लिहितो मात्र डाव्या हाताने. तेव्हा डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकांनी हात बदलायला लावू नये.

त्या मुलाला मी गेल्या वर्षभराच्या गणिताच्या उत्तरपत्रिका आणायला सांगितल्या. बीजगणितात त्याची चिन्हे चुकत होती. हा दोष सरावाने जातो. त्यासाठी मेंदूची बाजू बदलावी लागत नाही.

करून पाहा : उजव्या हाताच्या तर्जनीवर लांब फूटपट्टी उभी तोला व ती पडेपर्यंतचे सेकंद मोजायला मित्राला सांगा. मग तेच मोठ्याने बोलत करा. डाव्या हातानेही दोन्ही प्रकार करा. प्रत्येक प्रकार दहा वेळा करून सरासरी काढा. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात बोलण्याने उजव्या हाताचा तोल कमी वेळ टिकला, डाव्याचा मात्र तसा घटला नाही. उजवा हात आणि वाणी यांचे नियंत्रण डावीकडेच होते, म्हणून असे घडत असावे. तुमच्या वर्गात काय आढळते? एका मुलावरून निष्कर्ष काढू नका. साऱ्या वर्गाचा तक्ता करा.