यथाशक्ती आणि क्षमापन
(स्वाध्यायासाठी एक पाठ)

गणेशचतुर्थीची सकाळ. मोदकपात्राचे झाकण निघते आणि एकवीस मोदकांपैकी चारांना चीर गेलेली दिसते. गृहिणीचा चेहरा उतरतो. शेजारी बसून प्रथमच पारी वळू पाहणाऱ्या मुलीला ती म्हणते, "तरी सांगत होते, तू हात लावू नकोस." मुलगी हात धुऊन निमूटपणे उठते. नैवेद्य दाखविला जातो, आरती होते. परंतु सणाचा आनंद त्या घरातून निघून गेलेला असतो. पुढील वर्षी मुलगी मोदक वळावयास बसत नाही.

सभासद बंधुभगिनींनो, हा प्रसंग थोड्याफार फरकाने आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडलेला असेल. त्या माउलीच्या भक्तीत उणेपणा नव्हता. तिला सारे निर्दोष हवे होते, आणि दोष दिसताच तिला वाटले की आपणच उण्या ठरलो. या वृत्तीने मनाला केवढी किंमत मोजावी लागते, आणि आपल्या धर्माचरणात तिच्यावर कोणता उपाय सांगितला आहे, याचा आज विचार करू.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. काळजीपूर्वक काम करणे निराळे आणि निर्दोषतेचा ध्यास घेणे निराळे. काळजी घेणाऱ्याची दृष्टी कामावर असते; ध्यास घेणाऱ्याची दृष्टी स्वतःवर असते. पहिला म्हणतो, "पारी फार पातळ झाली, पुढच्या वेळी जाड ठेवू." दुसरा म्हणतो, "माझ्याच्याने काही धड होत नाही." पहिल्याची चूक त्याला शिकविते, दुसऱ्याची चूक त्याला खाते. अशा मनुष्याला कामापूर्वी भीती असते, काम करताना चिडचिड असते आणि काम संपल्यावरही समाधान नसते. पुढे पुढे तो कामास आरंभच करीनासा होतो. सभेत स्तोत्र म्हणताना एकदा अडखळलेला गृहस्थ पुन्हा व्यासपीठावर येत नाही, यात पुष्कळदा आळस नसतो, धास्ती असते.

मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट व गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ साली या वृत्तीचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा करणे, इतरांकडून तशी अपेक्षा करणे, आणि लोक आपल्याकडून तशी अपेक्षा करतात असे मनात धरणे. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांतील १९८९ ते २०१६ या काळातील चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती पुढे एकत्र अभ्यासण्यात आली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढल्याचे दिसले. त्यातही तिसरा सर्वांत अधिक. आपल्या घरातही ब्याण्णव गुण मिळविणाऱ्या मुलास "उरलेले आठ कोठे गेले?" असे विचारले जाते, तेव्हा हा तिसरा प्रकारच आपण त्याच्या मनात पेरीत असतो.

आता आपल्या नित्य पूजेकडे पाहा. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचांनी सोळा उपचार होतात. एखादा उपचार जवळ नसेल तर त्याच्या जागी अक्षता वाहण्याची मोकळीक आहे. आणि सर्व यथासांग झाल्यावरही शेवटी पूजक हात जोडतो व मंत्र, क्रिया आणि भक्ती यांत जे न्यून राहिले असेल त्याची क्षमा मागतो. ही क्षमायाचना केवळ नवशिक्याने करावयाची नाही. दशग्रंथी वैदिकही ती करतो. ती पूजेबाहेरचा पश्चात्ताप नसून पूजेचेच एक अंग आहे. याचा अर्थ असा की, न्यून राहणारच, हे विधी रचणाऱ्यांनी आधीच जाणले होते.

येथे कोणी म्हणेल, "मग स्वर चुकल्यामुळे त्वष्ट्याचा यज्ञ उलटला आणि इंद्राला मारण्याऐवजी वृत्रच मारला गेला, त्या कथेचे काय?" शंका योग्य आहे. तिचे उत्तर मीमांसाशास्त्रात मिळते. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात हा विचार आला आहे. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळासाठी केलेले कर्म, सर्व अंगांसह करता येत असेल तरच करावे. नित्य कर्म मात्र जेवढी अंगे शक्य असतील तेवढ्यांनिशी, यथाशक्ती करावे. एखादे अंग साधत नाही म्हणून ते सोडू नये. त्वष्ट्याचे कर्म सूडाच्या कामनेचे होते. आपली देवपूजा, मुलांचे संगोपन, वृद्धांची सेवा ही नित्य कर्मे आहेत. त्यांना यथाशक्तीचा न्याय लागू होतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायातही भगवंत अर्जुनाला सांगतात की, अग्नीबरोबर जसा धूर, तसा प्रत्येक कर्माबरोबर काही दोष असतोच. म्हणून सदोष असले तरी आपले सहज कर्म टाकू नये. धूर येतो म्हणून कोणी चूल पेटवावयाची थांबत नाही.

मात्र यथाशक्ती याचा अर्थ गलथानपणा नव्हे. शक्ती असून हात आखडणे हे यथाशक्ती नव्हेच. क्षमापनाचे स्थानही पूजेच्या शेवटी आहे, आरंभी नाही. आधी मनापासून करावे, मग उरलेले देवावर सोपवावे. सोपविल्यावर तेच उगाळीत बसणे म्हणजे दिलेले दान परत मागण्यासारखे आहे. ज्यांची झोप व अन्न या चिंतेने उडाले असेल, त्यांनी वैद्यकीय सल्ला घेण्यातही कमीपणा मानू नये.

आणखी एक गोष्ट. देवापुढे आपण क्षमा मागतो आणि ती मिळाली असे मानून प्रसाद घेतो. तीच क्षमा घरातील लेकीसुनांना, मुलांना आणि स्वतःला द्यावयास आपण का कचरावे?

चिंतनासाठी प्रश्न :
१. चूक होईल या भीतीने मी कोणते चांगले काम सोडून दिले आहे?
२. माझ्या कोणत्या शब्दांमुळे घरातील कोणाचा हात कामावरून मागे सरला?
३. आज रात्री निजण्यापूर्वी कोणते न्यून मी देवाच्या चरणी ठेवून मोकळा होईन?

येत्या चतुर्थीला त्या मुलीला पुन्हा शेजारी बसवावे. तिचा मोदक फुटला तर फुटू द्यावा. तो नैवेद्याच्या ताटात प्रथम ठेवावा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.