इंग्रजी शब्दांचीं कुळें : धातु, उपसर्ग व प्रत्यय

आमच्या खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींस इंग्रजी भाषेचें भय वाटतें, व त्याचें कारण विचारिलें असतां बहुतेक जण एकच उत्तर देतात : "शब्द फार आहेत, आणि पाठ केलेले राहत नाहींत." हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. महाराष्ट्रांत सन २००० पासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले. मूल घरीं येऊन प्रश्न विचारतें, आणि आईबापांस उत्तर देतां येत नाहीं. शिवाय पतपेढीचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, कारखान्याची नोटीस, हीं सर्व इंग्रजी शब्दांनीं भरलेलीं असतात, आणि त्यांखालीं सही किंवा अंगठा मात्र आपला उमटतो. ह्यास्तव ह्या पाठांत शब्द पाठ करण्याची नव्हे, तर शब्द ओळखण्याची रीत आम्ही सांगणार आहों.

ती रीत थोडक्यांत अशी : शब्द एकएकटे नसतात, त्यांचीं कुळें असतात. कुळाचा मूळ पुरुष ओळखिला म्हणजे लेकरांची ओळख पटण्यास वेळ लागत नाहीं. शब्दाच्या मूळ अंगास धातु म्हणावें. त्याच्या आरंभीं जें जोडिलें जातें तो उपसर्ग, व शेवटीं जें जोडिलें जातें तो प्रत्यय.

१. ही विद्या आपणांजवळ आहेच

'हार' हें एक अंग घ्या. त्यास 'आ' लागला कीं आहार होतो, 'प्र' लागला कीं प्रहार, 'वि' लागला कीं विहार, 'सम्' लागला कीं संहार, 'परि' लागला कीं परिहार. एका घरांतून पांच भाऊ निघाले. एक पोट भरितो, एक डोकें फोडितो, एक शंका फेडितो. उपसर्गाचें सामर्थ्य इतकें आहे.

फारशींतून आलेले शब्द पाहा. 'दार' म्हणजे बाळगणारा : दुकानदार, जमीनदार, कर्जदार. 'बे' म्हणजे वांचून : बेकार, बेपत्ता, बेहिशेबी. 'गैर' म्हणजे नसलेला : गैरहजर. ज्या शेतकऱ्यानें व्याकरणाचें पुस्तक कधीं उघडिलें नाहीं, तोही 'बेहिशेबी' हा शब्द प्रथमच ऐकून त्याचा अर्थ सांगतो. तो शब्द त्यास कोणी शिकविला नव्हता. 'बे' ठाऊक होता व 'हिशेब' ठाऊक होता, एवढेंच. इंग्रजीसही हीच किल्ली लागते.

२. मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत तीन पाट्या

हातकणंगले हें गांव मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर आहे. हा मार्ग १८९१ सालीं सुरू झाला. ह्या मार्गानें जाणाऱ्यास तीन इंग्रजी शब्द भेटतात : मिरजेस 'जंक्शन', हातकणंगल्यास 'स्टेशन', आणि कोल्हापुरास 'टर्मिनस'.

'जंक्शन' हा शब्द जोडणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मिरजेस पुण्याकडील, बेळगांवाकडील, पंढरपुराकडील व कोल्हापुराकडील असे चार मार्ग जोडिले जातात, म्हणून तें जंक्शन. ह्याच धातूचा संस्कृतांतील भाऊ 'युज्' होय. योग, संयोग, संयुक्त हे शब्द त्याचे. आणि दोन बैलांच्या मानांवर आपण जें 'जूं' ठेवितों तेंही ह्याच कुळांतलें. आतां बँकेंतील 'जॉइंट अकाउंट' पाहा. जॉइंट म्हणजे जोडलेलें. मराठींत त्यास संयुक्त खातें म्हणतात. इंग्रजी शब्द व मराठी शब्द दोन्ही एकाच मुळाचे निघाले.

'स्टेशन' हा शब्द उभें राहणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूचा आहे. संस्कृत 'स्था' हा त्याचा भाऊ. म्हणून स्टेशनास आपण 'स्थानक' म्हणतों तें अगदीं घरचें भाषांतर होय. 'स्टँड', 'स्टेबल' म्हणजे स्थिर, 'डिस्टन्स' म्हणजे दूर उभें असणें अर्थात् अंतर, हे सर्व ह्या कुळाचे.

'टर्मिनस' म्हणजे शेवट. रोमन लोक शेताच्या हद्दीवर जो दगड रोवीत त्यास हें नांव होतें. आमच्या शेतकरी वाचकांस बांधाचा दगड कशास म्हणतात हें सांगावयास नको. ह्याच कुळांतील 'टर्म' म्हणजे ठरलेली मुदत, व 'टर्मिनेशन' म्हणजे समाप्ति. गिरणीच्या नोटिशींत 'सर्व्हिस टर्मिनेटेड' असें असेल, तर त्याचा अर्थ नोकरी संपविली असा आहे, रजा दिली असा नव्हे. अशी नोटीस मिळाल्यास तिच्यावरील तारीख पाहून तत्काळ जाणत्याकडे जावें.

३. ही सोयरीक योगायोगाची नव्हे

सन १७८६ मध्यें कलकत्त्यास सर विल्यम जोन्स ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा कोणा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या. पुढील विद्वानांच्या शोधांनीं त्यास बळकटी आली. इंग्रजीनें आपले अवघड शब्द बहुतकरून लॅटिन व ग्रीक ह्यांजकडून घेतले. म्हणून त्यांचे भाऊबंद आपल्या बोलींत सांपडतात. 'डेंटिस्ट' ह्यांत दंत आहे, 'न्यू' ह्यांत नव आहे. 'थर्मामीटर' हा शब्द फोडिला तर 'थर्म' हा आपल्या 'घर्म' म्हणजे उष्णतेचा भाऊ, ज्यापासून 'घाम' झाला. आणि 'मीटर' हा 'मात्रा' ह्याचा आप्त. ज्याच्या मुलास ताप आला आहे त्यानें हा शब्द एवढा जाणिला तर तो पुन्हां विसरणार नाहीं.

४. उपसर्ग : एका मुळाच्या पांच वाटा

इचलकरंजी हें आपल्याच तालुक्यांतील शहर. तेथें १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसला, व आज कापडाच्या धंद्यांत 'एक्सपोर्ट' हा शब्द मागवाल्यापासून हमालापर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. त्यांतील 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणें. आतां उपसर्ग लावूं :

'एक्स' म्हणजे बाहेर. एक्सपोर्ट म्हणजे माल बाहेर नेणें.
'इम्' म्हणजे आंत. इम्पोर्ट म्हणजे माल आंत आणणें.
'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. ट्रान्सपोर्ट म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणें.
'रि' म्हणजे मागें किंवा पुन्हां. रिपोर्ट म्हणजे घडलेली गोष्ट परत आणून सांगणें.
'सब्' म्हणजे खालीं. त्याचा 'सप्' झाला, व सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणें, अर्थात् आधार.

हे पांच उपसर्ग दुसऱ्या धातूंसही लागतात. 'रिफंड' म्हणजे पैसे परत, 'रिन्यू' म्हणजे पुन्हां नवें करणें, ज्यास आपण नूतनीकरण म्हणतों. मग 'नॉन-रिफंडेबल' हा लांबलचक शब्द पावतीवर दिसला तर भिऊं नये. 'नॉन' म्हणजे नाहीं, 'रिफंड' म्हणजे पैसे परत, 'एबल' म्हणजे होण्याजोगें. सर्व मिळून : पैसे परत मिळणार नाहींत. हें पैसे भरण्यापूर्वीं वाचावें, भरल्यानंतर नव्हे.

५. प्रत्यय : देणारा कोण व घेणारा कोण

इंग्रजींत शब्दाच्या शेवटीं 'अर' आला तर बहुधा करणारा समजावा, व 'ई' आला तर ज्याच्यासाठीं किंवा ज्याच्या बाबतींत तें केलें जातें तो समजावा. 'एम्प्लॉयर' म्हणजे कामावर ठेवणारा, 'एम्प्लॉयी' म्हणजे कामावर ठेविलेला. धनादेशावर 'अकाउंट पेयी' असे शब्द असतात. पेयी म्हणजे ज्यास पैसे द्यावयाचे तो.

ही एक जोडी नीट ध्यानांत ठेवावी : 'मॉर्टगेजर' व 'मॉर्टगेजी'. पुष्कळांस वाटतें कीं बँक मोठी, म्हणून पहिला शब्द बँकेचा. तसें नाहीं. जमीन गहाण ठेवणारा शेतकरी तो मॉर्टगेजर, व गहाण घेणारी बँक ती मॉर्टगेजी. तसेंच 'गॅरंटर' म्हणजे हमी देणारा, आपला जामीनदार. शेजारधर्म म्हणून कित्येक जण ह्या शब्दाखालीं सही करितात. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, करारांत निराळें ठरलें नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. एका प्रत्ययाचें अज्ञान घरावर कर्ज आणूं शकतें.

६. दवाखान्यांतील शब्द

मिरजेंतील इस्पितळांत आपल्या तालुक्यांतील पुष्कळ लोक जातात. तेथील शब्द बहुतेक ग्रीक कुळाचे आहेत. 'कार्डिओ' म्हणजे हृदयाचें, 'लॉजी' म्हणजे शास्त्र, 'आयटिस' म्हणजे दाह किंवा सूज. 'आर्थ्रायटिस' म्हणजे सांध्यांची सूज, 'हेपॅटायटिस' म्हणजे यकृताची सूज. 'अ‍ॅनिमिया' ह्यांत आरंभींचा 'अ‍ॅन्' हा आपल्या 'अनंत', 'अनादि' ह्यांतील 'अन्' ह्याचा भाऊ, व 'ईमिया' म्हणजे रक्ताची अवस्था; म्हणून अर्थ झाला रक्ताची उणीव.

परंतु 'हायपर' व 'हायपो' ह्यांत फार सावध असावें. हायपर म्हणजे वर, संस्कृत 'उपरि' ह्याचा भाऊ. हायपो म्हणजे खालीं. 'हायपरटेन्शन' म्हणजे वाढलेला रक्तदाब, 'हायपोटेन्शन' म्हणजे उतरलेला. 'हायपरग्लायसेमिया' म्हणजे रक्तांत साखर जास्त, 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे कमी. उच्चारांत किंचित् फरक, पण उपचार अगदीं उलट. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरील नांव आपल्यासारखेंच दिसतें म्हणून त्याच्या गोळ्या घेणें किती घातक आहे हें ह्यावरून कळेल.

७. अर्धें ज्ञान व पूर्ण धोका

आतां ह्या रीतीची मर्यादा सांगणें आमचें कर्तव्य आहे. वर आम्ही 'इम्' म्हणजे आंत असें सांगितलें; पण 'इम्पॉसिबल' ह्यांत त्याच 'इम्' चा अर्थ नाहीं असा होतो. 'इन्' ह्याचीही तीच गोष्ट. पुणें-बेंगळूर रस्त्यानें शिरोलीवरून तेलाचे टँकर जातात. त्यांवर 'हायली इन्फ्लेमेबल' असें लिहिलेलें असतें. ज्यास 'इन्' म्हणजे नाहीं एवढेंच ठाऊक, तो समजेल कीं हें पेट घेत नाहीं. खरा अर्थ उलट आहे : हें अत्यंत लवकर पेट घेतें. येथील 'इन्' नकाराचा नव्हे. असा घोटाळा होऊं नये म्हणून विसाव्या शतकांत अमेरिकेंतील अग्निसुरक्षेच्या जाणकारांनीं 'इन्' गाळून नुसतें 'फ्लेमेबल' लिहिण्याचा आग्रह धरिला. आज दोन्ही रूपें दिसतात, व दोहोंचा अर्थ एकच आहे. पेट न घेणाऱ्या वस्तूस 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात.

तसेंच 'रिव्हर' म्हणजे नदी. त्यांतील 'रि' उपसर्ग नव्हे. 'एअरपोर्ट' ह्यांतील 'पोर्ट' म्हणजे बंदर, वाहणें नव्हे. 'अंडरस्टँड' म्हणजे समजणें. खालीं उभें राहणें नव्हे. ह्यास्तव तीन पायऱ्या सांभाळाव्या : प्रथम शब्द फोडून अर्थाचा तर्क करावा, मग तो तर्क वाक्यांत बसतो कीं नाहीं तें पाहावें, आणि सही करावयाची किंवा औषध घ्यावयाचें असेल तर कोशांत पाहिल्यावांचून अथवा जाणत्यास विचारिल्यावांचून पुढें जाऊं नये. तर्क हा दिवा आहे. तो वाट दाखवितो, पण पाऊल आपणच पाहून टाकावें लागतें.

कोशांच्या बाबतींत मराठी भाषा दरिद्री नाहीं. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं झाला. आणि बेळगांवचे बाबा पदमनजी ह्यांनीं १८६३ सालीं मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप प्रसिद्ध केला. मोल्सवर्थचा कोश आतां भ्रमणध्वनीवरही फुकट पाहतां येतो. आणि 'भ्रमणध्वनी', 'दूरध्वनी' हे शब्द तरी काय आहेत? 'टेलि' म्हणजे दूर, 'फोन' म्हणजे ध्वनि. आमच्या लोकांनीं इंग्रजी शब्द फोडिला आणि मराठींत पुन्हां जोडिला.

८. अभ्यास

एक वही करावी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक धातु लिहावा, व त्याच्या कुळांतील जो शब्द पाटीवर, पावतीवर किंवा मुलाच्या पुस्तकांत भेटेल तो त्या पानावर उतरावा. आठवड्यास एकच धातु पुरे. वर्षाअखेर पन्नास कुळें पदरीं पडतील. घरांत एकास वाचतां येत असेल तर त्यानें वाचावें व इतरांनीं तर्क सांगावा. ज्यास अक्षरओळख नाहीं तोही शब्द फोडूं शकतो, कारण तें काम कानाचें आहे. पुढील प्रश्न सर्वांनीं मिळून सोडवावे :

(१) 'ग्राफ' म्हणजे लिहिणें किंवा रेखाटणें. तर टेलिग्राफ व ऑटोग्राफ ह्यांचे अर्थ सांगा. 'ऑटो' म्हणजे स्वतः.
(२) 'मिट्' किंवा 'मिस्' म्हणजे पाठविणें. मिशन, मिशनरी व ट्रान्समिट ह्यांत तो कोठें आहे तें दाखवा.
(३) 'ट्रेनर' व 'ट्रेनी' ह्यांत शिकविणारा कोण व शिकणारा कोण?
(४) 'स्कोप' म्हणजे पाहण्याचें साधन. टेलिस्कोपास आपण दुर्बीण म्हणतों. फारशींत 'दूर' म्हणजे लांब व 'बीन' म्हणजे पाहणारा. दोन्ही शब्द शेजारीं मांडून भाग जुळवा.
(५) आपल्या घरांतील कोणतीही एक पावती किंवा कर्जाचा कागद काढा, त्यांतील तीन इंग्रजी शब्द फोडा, व त्यांचे अर्थ कोशांत तपासा.

पांचवा प्रश्न कोणी टाळूं नये.