गाडीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक

म्हैसूर शहरात कुक्करहळ्ळी तलावाजवळ सरस्वतीपुरम ही वसाहत आहे. समजा, नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची जुनी पेट्रोल मोटार पावसाळ्यातील एका सकाळी कुरकुर करू लागते. सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिनही सुरू होते. परंतु ते थरथरते आणि चढावर गाडी झटके देते. गॅरेजमध्ये गेल्यावर त्या घरातील बाई मेकॅनिकला विचारतात, "एष्टु आगुत्ते?" या कन्नड प्रश्नाचा अर्थ 'किती होतील?' असा आहे. प्रश्न लहान आहे; पण मोजक्या पगारात महिना काढणाऱ्या घराला त्याचे उत्तर आधी कळणे आवश्यक असते. मेकॅनिकलाही उत्तर जपूनच द्यावे लागते. रक्कम कमी सांगितली तर पदरचे पैसे जातात आणि अवाजवी सांगितली तर गिऱ्हाईक जाते.

आधी निदान, मग रक्कम

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. बॅटरीचा विद्युतदाब 12 व्होल्ट एवढाच असतो. इग्निशन कॉइल तो हजारो व्होल्टपर्यंत वाढवते आणि स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. सेल्फच फिरत नसेल आणि दिवेही मंद असतील, तर प्रथम बॅटरी आणि तिच्या तारांची जोडणी पाहावी लागते. सेल्फ फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर ठिणगी किंवा इंधन यांपैकी काहीतरी कमी पडत असते. इंजिन सुरू होऊन थरथरत असेल, तर बहुधा एखाद्या सिलिंडरचे काम बिघडलेले असते. म्हणून गाडीची लक्षणे नेमकी सांगणे हे ग्राहकाचे पहिले काम होय.

मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर 2023 पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत ठिणगीची वेळ साधण्यासाठी 'पॉइंट' असत. ते घासून, त्यांतील अंतर जुळवून अनेकदा काम भागे. तेथे मुख्य खर्च मजुरीचा असे. नव्या गाड्यांत ही वेळ संगणक ठरवतो आणि बहुतेक गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. बिघडलेली कॉइल घासून सुधारत नाही. ती बदलावीच लागते. त्यामुळे आता सुट्या भागांचा खर्च वाढला आहे आणि चुकीचे निदानही महाग पडू लागले आहे.

कुशल मेकॅनिक अशा वेळी एक सोपी युक्ती करतो. संशयित कॉइल तो शेजारच्या सिलिंडरवर बसवतो. बिघाड कॉइलबरोबर तिकडे सरकला, तर दोष कॉइलचा. जागेवरच राहिला, तर प्लग, तार किंवा अन्य काही तपासावे लागते. या तपासणीला वेळ आणि अनुभव लागतो. म्हणून तिचे पैसे मागणे गैर नाही. मात्र ते आधी सांगितले पाहिजेत.

अंदाजपत्रक कसे असावे?

चांगल्या अंदाजपत्रकात प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली असते. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत.

तपासणी : 300 रुपये
कॉइल, 1 नग : 1,800 रुपये
प्लग, 4 नग, प्रत्येकी 200 : 800 रुपये
मजुरी : 400 रुपये
बेरीज : 3,300 रुपये
वस्तू व सेवा कर, 18 टक्के : 594 रुपये
एकूण : 3,894 रुपये

'सगळे मिळून साडेतीन हजार' असे तोंडी उत्तर यापेक्षा स्वस्त वाटते. परंतु त्यात कोणता भाग बदलणार, तो मूळ कंपनीचा आहे की नाही आणि कर धरला आहे की नाही, हे कळत नाही. त्यामुळे दोन दुकानांच्या दरांची तुलनाही करता येत नाही. अंदाजपत्रकाखाली आणखी एक वाक्य असावे : 'याहून अधिक काम निघाल्यास विचारल्याशिवाय करू नये.' बदललेला जुना भाग परत मागावा आणि पक्के बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

'अंदाज' हा मूळचा फारसी शब्द. अंदाज म्हणजे अंतिम रक्कम नव्हे. तो थोडा चुकू शकतो. पण तो कशावरून बांधला, हे कागदावर स्पष्ट दिसले पाहिजे. सरस्वतीपुरममधील त्या बाईंचे कन्नड मोडकेतोडके असेल आणि मेकॅनिकला मराठी येत नसेल. तरीही नगांची संख्या, दर आणि बेरीज दोघांनाही वाचता येते. नंतर वाद उद्भवलाच, तर बोललेले शब्द आठवत बसण्याऐवजी दोघांना तोच कागद पाहता येतो.

स्वाध्याय

1. अंदाजपत्रक आणि बिल यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
2. तपासणीत कॉइल चांगली निघाली, तर वरील उदाहरणातील एकूण रक्कम किती होईल? करासह हिशेब मांडा.
3. तुमच्या परिसरातील सायकल, शिलाई यंत्र किंवा पंखा यांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करा.