अंदमानला निघालीस ना, मग ऐक

सोनू, तिकिटं काढलीस हे फार छान झालं. पण तू पाठवलेला कार्यक्रम पाहिला आणि राहवेना. सहा दिवसांत नऊ ठिकाणं? अगं, त्यात बोटी दिसतील, जेट्ट्या दिसतील, किडामुंगी नाही दिसायची. सेल्युलर जेल बघच, तिथे गळा दाटून येतो. बाकीच्यातली चार नावं खोड आणि दोन सकाळी चिडिया टापूला दे. पोर्ट ब्लेअरपासून साधारण 25 किलोमीटर आहे. का, ते सांगते.

आपली राणी पाकोळी आठवते ना, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू? तिची अगदी जवळची बहीण अंदमानात राहते, अंदमान मॉरमन. नराचे पंख तसेच काळे आणि मागच्या पंखांवर निळाई. ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. मधे समुद्र पडला की दोन्हीकडचे वंश आपापल्या वाटेनं बदलत जातात, म्हणून तर बेटावर असं नवल भेटतं. तिच्या मागे धावू नकोस. फुलांच्या झुडपाशी अर्धा तास गप्प बस, ती येईल.

मुंबईचं घड्याळ मात्र विसर. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दहाला आरामात निघणाऱ्याच्या हाती दिवस उरतच नाही.

सुपारी-नारळाच्या बागेतून जाताना खोडांकडे बघ. तिथली हिरवीगार पाल दिवसा फिरते, फुलांतला मध चाटते. तिचे भाऊबंद पार मादागास्करकडे आहेत. तुला पालींची किळस आहे हे ठाऊक आहे मला, पण हिला एकदा बघच. ओहोटीला कांदळवनाच्या कडेशी थांबलीस तर चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील, कोकणातल्या खाडीत दिसतात तशाच. मात्र मगरीची पाटी असेल तिथे पाण्याच्या जवळही जायचं नाही. आणि फांद्यांत हात घालू नकोस, आपल्या चापडा सापाचे सगेसोयरे तिथेही पानांत दडून बसतात.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. पहिल्या खेपेला मी किनाऱ्यावरून एक सुरेख शंख उचलला, रुमालात गुंडाळला, बॅगेत टाकला. रात्री खोलीत खरखर ऐकू आली. आत खेकडा होता. मी दिवे लावून, अनवाणी, तशीच किनाऱ्यावर गेले आणि त्याला वाळूवर सोडलं. तो कितीतरी वेळ हललाच नाही. त्या खेकड्यांचं पोट मऊ असतं, त्यावर स्वतःचं कवच नसतं. वाढत गेले की मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. म्हणजे रिकामा शंखही कुणाच्या तरी उद्याच्या घरासाठीच पडलेला असतो. तेव्हापासून मी एकही उचललेला नाही. तूही उचलू नकोस, आणि पोवळ्याचा तर तुकडाही नाही, त्याला कायद्यानंच मनाई आहे.

रात्री पतंग बघायचे असतील तर पांढरी चादर दोरीवर टाक आणि समोर दिवा लाव. तासाभरात दिवा बंद कर, हे मात्र विसरू नकोस. तळहाताएवढा ॲटलास जातीचा पतंग आला तर लक्षात ठेव, त्याला काही खाताच येत नाही, पंख फुटल्यावर त्याचं तोंड कामाचं राहत नाही. सुरवंट असताना साठवलेल्या शिदोरीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. ती शिदोरी आपल्या चादरीवर फडफडण्यात का संपवायची?

बाराटांगला गेलीस तर रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे कॅमेरा बॅगेत ठेव आणि खिडकीतून टक लावून बघू नकोस. त्यांचा फोटो काढणं गुन्हा आहे, आणि नसता तरी आपण माणसं बघायला निघालेलो नाही.

फुलपाखरू सापडलं की पंखांची वरची बाजू, खालची बाजू आणि ते बसलं ते पान, असे तीन फोटो काढ. जागा, तारीख, वेळ वहीत लिही. आणि हिरव्या पालीचा फोटो आधी मला पाठव, मग आईला.