वाळवंटाची वाट आणि चार ओळींची चिठ्ठी

आपल्या खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुले आज शिकून परदेशी नोकरीला आहेत. कोणी अमेरिकेतही आहेत. तिथे पुष्कळ ठिकाणी आठवड्याचे पाच दिवस काम आणि शनिवार-रविवार सुटी असते. सुटी आली की कित्येक जण गाडी काढतात आणि एकटेच लांब फिरायला जातात. घरच्यांना काळजी वाटते. एकट्याने जाणे वाईट नाही. पण तयारी न करता जाणे वाईट. ही तयारी कशी करायची, ते आपण एका खऱ्या मुलखाच्या आधाराने पाहू.

मुलूख कसा आहे?

अमेरिकेच्या पश्चिमेला युटा नावाचे राज्य आहे. सॉल्ट लेक सिटी ही त्याची राजधानी. तिथून आग्नेय दिशेला सुमारे ३७५ किलोमीटरवर मोआब नावाचे लहान गाव आहे. गाडीने चार तास लागतात. मोआबच्या चारी बाजूंना वाळवंट आहे.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. हे वाळवंट तसे नाही. हे दगडाचे आहे. फार प्राचीन काळी वाळूचे थर एकावर एक बसले, दबले आणि त्यांचा तांबडा दगड झाला. कोलोराडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी तो लाखो वर्षे कापला. कापता कापता खोल दऱ्या झाल्या. उभ्या कड्यांच्या अशा दरीला तिथे 'कॅन्यन' म्हणतात. याच कोलोराडो नदीने पुढे ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन ही प्रसिद्ध दरी कोरली. ती ४४६ किलोमीटर लांब आहे. खोली म्हणाल तर दीड किलोमीटरहून जास्त!

मोआबजवळ सरकारने राखलेली दोन मोठी उद्याने आहेत. एक आर्चेस. ते गावापासून अवघ्या ८ किलोमीटरवर आहे. तिथे दगडाच्या दोन हजारांहून जास्त कमानी आहेत. माणसाने एकही बांधलेली नाही. पाणी, बर्फ आणि काळ यांनी त्या घडवल्या. दुसरे उद्यान कॅन्यनलँड्स. ते १९६४ साली स्थापन झाले. तिथे कड्यावर उभे राहिले की खाली दरीच्या पोटात आणखी दरी दिसते.

कधी जावे?

जुलै महिन्यात मोआबला पारा ३८ अंशांच्या वर जातो. झाडाची सावली मिळत नाही. दगड तापतो. हिवाळ्यात रात्री पाणी गोठते. म्हणून एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हे दिवस बरे. दिवसा हवा सुखाची असते. रात्री मात्र थंडी पडते. कानटोपी आणि जाड पांघरूण गाडीत हवेच.

दोन दिवसांचा बेत सोपा ठेवावा. शुक्रवारी संध्याकाळी निघून मोआबला मुक्काम. शनिवारी पहाटे आर्चेसमधली 'डेलिकेट आर्च' ही कमान पाहावी. जाऊन येऊन चाल सुमारे ५ किलोमीटर आहे. वाटेत चढ आहे, सावली नाही. म्हणून उन्हे तापायच्या आत परत यावे. दुपारी विसावा घ्यावा. संध्याकाळी कॅन्यनलँड्सचा कडा पाहावा. रविवारी दिवसाउजेडी परतीची वाट धरावी. दोन दिवसांत दहा जागा पाहीन म्हणणारा माणूस सगळा वेळ गाडीतच घालवतो आणि रात्री पेंगत गाडी हाकतो. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही.

पाणी किती न्यावे?

पाण्याचे मोल आपल्या दुष्काळी भागाला कोणी शिकवायला नको. माण-आटपाडीकडे पाऊस कमी. मोआबला त्याहून कमी, वर्षाला जेमतेम २०-२५ सेंटिमीटर. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही. आला तसा वाळून जातो. माणसाला वाटते, आपल्याला घाम येतच नाही. आणि तो पाणी पीत नाही. इथेच घात होतो.

उद्यानाचे अधिकारी सांगतात, माणशी दिवसाला ४ लिटर पाणी जवळ ठेवा. दोन दिवसांचे ८ लिटर झाले. गाडी अडली तर म्हणून आणखी ४ लिटर. एकूण १२ लिटर. म्हणजे मोठी कळशीभर पाणी झाले. एवढे जड ओझे कशाला, असे म्हणू नये. गाडी ते वाहते. नुसते पाणीही पुरत नाही. घामातून मीठ जाते. खारे शेंगदाणे, फुटाणे, चटणी-भाकरी असे काही बरोबर असावे. कॅन्यनलँड्स उद्यानात खाण्याचे दुकान नाही आणि पेट्रोलपंपही नाही.

गाडीची तयारी

अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. अंतर मैलात मोजतात. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. हे नव्या माणसाने डोक्यात पक्के करावे.

मोआबच्या वायव्येला ग्रीन रिव्हर नावाचे गाव आहे. तिथून पश्चिमेला सलायना गावाकडे एक मोठा हमरस्ता जातो. या दोन गावांच्या मध्ये सुमारे १७० किलोमीटर ना पेट्रोलपंप, ना दुकान. म्हणून टाकी अर्धी झाली की भरावी. जादा चाक, त्यात हवा, चाक बदलायची हत्यारे, विजेरी आणि कागदी नकाशा बरोबर घ्यावा. मोबाइलवर नकाशा असतो, हे खरे. पण तिथे दऱ्यांत मोबाइल पुष्कळदा लागत नाही. कागदाला तारही लागत नाही आणि वीजही लागत नाही.

आणि गाडी बंद पडलीच तर? गाडी सोडून चालत सुटू नये. शोधणाऱ्याला आभाळातून गाडी लवकर दिसते, माणूस दिसत नाही. गाडीच्या सावलीत बसावे आणि पाणी पीत राहावे.

वर पाऊस, खाली पूर

आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतात, ओढा कोरडा असला तरी वरच्या अंगाला ढग दिसला की ओढ्यात बसू नका. वाळवंटात हे शंभर पटीने खरे आहे. तिथेही जुलैपासून सप्टेंबरपर्यंत वळवासारख्या सरी येतात. तिथले लोक त्या पावसाला 'मान्सून'च म्हणतात! दगड पाणी पीत नाही. पडले ते सगळे पाणी अरुंद घळींत उतरते. काही घळी इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. वर चढायला वाट नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या घळीत असाच लोंढा आला. घळीपाशी पाऊस नावापुरताच होता. खरा पाऊस काही मैल लांब, वरच्या अंगाला पडला होता. ११ प्रवासी बुडून मेले. ती जमीन नवाहो या मूळच्या आदिवासी लोकांची आहे. आज तिथे त्यांचा वाटाड्या घेतल्याशिवाय कोणालाही जाता येत नाही. पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातल्या झायन उद्यानात एका घळीत असेच सात जण गेले.

म्हणून नियम सोपा. घळीत उतरण्याआधी उद्यानाच्या कचेरीत हवामान विचारावे. ढग असेल तर उतरू नये. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये. फूटभर वाहत्या पाण्यानेही लहान गाडी वाहून जाऊ शकते.

एका माणसाची हकिकत

आता सर्वांत मोठी गोष्ट. ॲरन राल्स्टन हा कसलेला गिर्यारोहक. वय २७. २६ एप्रिल २००३ रोजी, शनिवारी, तो युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा गेला. घळीत उतरताना एक मोठा धोंडा निसटला. वजन सुमारे ३६० किलो. त्याचा उजवा हात धोंडा आणि भिंत यांच्यामध्ये चिरडला आणि अडकला. जवळ पाणी थोडेच. हाका मारल्या, पण ऐकणार कोण?

तो कामावर आला नाही तेव्हा माणसे काळजीत पडली. पण शोधायचे कुठे? आपण नेमके कुठे जातो, हे तो कोणालाच सांगून गेला नव्हता. सहाव्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताची हाडे मोडली, बोथट चाकूने हात कापला आणि सुटका करून घेतली. मग दोराने कडा उतरून तो चालत निघाला. वाटेत सहलीला आलेले एक कुटुंब भेटले. पुढे हेलिकॉप्टरने त्याला दवाखान्यात नेले. तो वाचला. २०१० साली या घटनेवर चित्रपटही निघाला.

लोक त्याच्या धैर्याचे कौतुक करतात. ते योग्यच आहे. पण आम्ही वाचकांना वेगळेच सांगू. शक्ती होती, अनुभव होता, धैर्य होते. नव्हती ती एक चिठ्ठी. ती असती तर शोध करणारे थेट त्या घळीकडे गेले असते.

चार ओळींची चिठ्ठी

एकटे जाणे म्हणजे कोणाला न सांगता जाणे नव्हे. निघण्याआधी चार ओळी लिहाव्यात. एक प्रत तिथल्या मित्राजवळ द्यावी, एक घरी पाठवावी. ती अशी :

१. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सॉल्ट लेक सिटीहून निघतो. दोन्ही रात्री मोआबला मुक्काम.
२. शनिवारी सकाळी आर्चेस, संध्याकाळी कॅन्यनलँड्स. दुसरीकडे जाणार नाही. बेत बदलला तर आधी कळवीन.
३. गाडी पांढरी. नंबर खाली लिहिला आहे.
४. रविवारी रात्री आठपर्यंत फोन करीन. दहापर्यंत आला नाही तर मित्राने मोआबच्या शेरीफला कळवावे.

शेरीफ म्हणजे तिथला पोलिसांचा प्रमुख. हरवलेल्या माणसाचा शोध त्याचे लोक घेतात. मित्र जवळ आहे म्हणून हे काम त्याचे. मात्र घरच्यांनीही घड्याळ लक्षात ठेवावे. एप्रिलमध्ये तिथे रविवारी रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. रविवारी रात्री उगाच जागू नये. सोमवारी मात्र वेळ टळली की मित्राला फोन लावावा.

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. ती लिहिणाऱ्याने पाळायची असते. फोन करायला विसरले, तर तिकडे माणसे रात्री दऱ्याखोऱ्यांत उतरतील.

ही चिठ्ठी फक्त अमेरिकेसाठी नाही. रानात एकटे जाणाराला, रात्री दूरच्या बाजाराला निघणाराला, सगळ्यांनाच ती लागू आहे. आपण आता लिहायला शिकलो आहोत. ती लिहायला पाच मिनिटे पुरतात.

प्रश्न

१. घळीपाशी पाऊस नसतानाही पूर का येतो?
२. एका माणसाला दोन दिवसांसाठी किती पाणी न्यावे? बारा लिटर का सांगितले आहे?
३. गाडी बंद पडली तर ती सोडून का जाऊ नये?
४. तुम्ही उद्या परगावी एकटे निघाला आहात, असे समजा. घरच्यांसाठी चार ओळींची चिठ्ठी लिहा. ती घरातल्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.