पेवातील ज्वारी

आंतरशालेय सामन्यांसाठी निवडलेल्या चौदा मुलांची नावे फळ्यावर लागली, त्या दिवशी सायंकाळी सात रस्त्याच्या चौकात एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटले. मुलाचे नाव यादीत तेरावे होते. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ते म्हणाले, "सर, अकरांत नाव नाही, म्हणजे त्याने इतरांना पाणी नेऊन द्यावयाचे, एवढेच ना? मग पहाटे साडेपाचास उठून त्याने मैदानावर यावयाचे ते कशासाठी? तोच तास गणितास दिला तर काय वाईट?" प्रश्न रास्त होता आणि विचारणारा पिता मुलाच्या कळवळ्याने विचारीत होता. चौकातील त्या गर्दीगोंगाटात मला धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न मी या पाठात करणार आहे.

प्रारंभी आपल्याच मुलखातील एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपला जिल्हा ज्वारीचा आणि अवर्षणाचाही. पूर्वी आपल्याकडील शेतकरी ज्वारी पेवात साठवीत असत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. त्याच्या तळाशी व बाजूंस कडब्याचे अस्तर देत, आत धान्य भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. पाऊस वेळेवर पडला, की त्या पेवाकडे कोणी फिरकतही नसे. अंगणातील मुले त्यावरून खुशाल धावत. परंतु मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला, म्हणजे घरातील वडील माणूस त्या जागेकडे पाहू लागे. ज्या घरी पेव भरलेले, त्या घरी चूल पेटे. पेव उघडावे लागले नाही, म्हणून ते भरणे व्यर्थ गेले, असे कोणताही शहाणा शेतकरी म्हणत नसे.

खेळाच्या संघासही असे पेव लागते. त्याचा हिशेब सोपा आहे. वीस षटकांच्या क्रिकेट सामन्यात एका गोलंदाजास चारांहून अधिक षटके टाकता येत नाहीत. म्हणजे निदान पाच गोलंदाज हवेत. पाचांपैकी एकाचे बोट दुखावले, दुसऱ्याची लय बिघडली, तर सहावा व सातवा हाताशी असावा लागतो. म्हणूनच इंडियन प्रीमियर लीगमधील संघ अकरा खेळाडू खेळविण्यासाठी पंचवीसपर्यंत खेळाडू बाळगतात.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात ही निकड आणखी तीव्र असते. तेथे चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो फलंदाजापासून साठ फूट सहा इंच अंतरावर, म्हणजे आपल्या बावीस यार्डांच्या खेळपट्टीहून साडेपाच फूट जवळ उभा राहतो आणि चेंडूचा टप्पा न पाडता तो सर्व बळानिशी फेकतो. एका सामन्यात असे शंभराच्या आसपास चेंडू टाकले, की खांदा व कोपर यांस चारपाच दिवसांची विश्रांती द्यावी लागते. हंगाम मात्र 162 सामन्यांचा! साहजिकच संघ पाच मुख्य पिचर आळीपाळीने वापरतो, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांतील एखाददुसरा जायबंदी होतोच. यासाठी तेथील संघ ज्याचे उमेदीचे दिवस सरले आहेत असा एखादा जुना पिचर अल्प वेतनावर करारबद्ध करून ठेवतात. अजिंक्यपद त्याच्या एकट्याच्या बळावर मिळेल, अशी कोणाची अपेक्षा नसते. अडचणीच्या दिवशी त्याने डोके शांत ठेवून काही डाव निभावून न्यावेत, एवढीच अपेक्षा असते.

असा जुना गोलंदाज आपल्या महाराष्ट्रात कोणी झाला काय? झाला, आणि त्याची हकीकत मुलांनी व पालकांनी सारख्याच लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. त्यांचे नाव प्रवीण तांबे. जन्म 8 ऑक्टोबर 1971. मुंबईच्या मैदानांवर ते प्रथम मध्यमगती गोलंदाजी करीत. पुढे ज्या कंपनीच्या संघातून ते खेळत, त्या संघाच्या कर्णधाराच्या सल्ल्यावरून त्यांनी मनगटी फिरकी, म्हणजे लेगस्पिन, आत्मसात केली. हा बदल त्यांच्या दीर्घायुष्याचे मर्म होय. वेगवान गोलंदाजाचे भांडवल त्याची पाठ, गुडघे व खांदा. ते वयाबरोबर झिजते. फिरकी गोलंदाजाचे भांडवल त्याची बोटे, मनगट, टप्प्यावरील हुकमत आणि फलंदाजाचे मन ओळखण्याची कला. हे भांडवल सरावाने वाढते व वयाने लवकर उणे होत नाही.

तथापि कला असली म्हणजे मान मिळतोच असे नाही. मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत कांगा लीग नावाची स्पर्धा 1948 पासून भरत आलेली आहे. ओल्या खेळपट्ट्या, वाढलेले गवत, मध्येच येणारी सर, अशा स्थितीत तेथे खेळावे लागते. तांबे वर्षानुवर्षे अशा क्लबांच्या व कंपन्यांच्या सामन्यांतून गोलंदाजी करीत राहिले. मुंबईच्या रणजी संघाचे दार त्यांना उघडत नव्हते. तिशी उलटली, चाळिशीही उलटली.

मग 2013 साली राजस्थान रॉयल्स या संघाने त्यांना करारबद्ध केले. त्या संघाचे कर्णधार राहुल द्रविड होते. तांबे यांचे वय त्या वेळी एकेचाळीस. तोवर प्रथम श्रेणीचा एकही सामना त्यांच्या नावावर नव्हता. ज्या वयात खेळाडू निवृत्तीचे भाषण तयार करतात, त्या वयात त्यांचा प्रवेश झाला! त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत त्यांनी पाच सामन्यांत 12 बळी घेतले. स्पर्धेत त्यांच्याहून अधिक बळी कोणीही घेतले नाहीत. अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सने राजस्थानचा पराभव केला खरा. परंतु आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दोनच दिवस आधी तांबे यांचे नाव सर्व देशाच्या तोंडी झाले होते. नंतर 2013-14 च्या हंगामात त्यांना मुंबईकडून रणजी सामना खेळावयास मिळाला.

दिनांक 5 मे 1914 नव्हे, 2014 (वयाकडे पाहून वाचकाची अशी गफलत होऊ नये म्हणून सांगतो!) रोजी अहमदाबादेस झालेला सामना तर गणिताच्या कोड्यासारखा आहे. कोलकात्याच्या संघापुढे 171 धावांचे लक्ष्य होते आणि एकही गडी बाद न होता त्यांच्या 121 धावा झाल्या होत्या. सामना गेल्यातच जमा होता. शेन वॉटसनने प्रथम खिंडार पाडले. मग तांबे गोलंदाजीस आले आणि त्यांनी तीन फलंदाज लागोपाठ बाद केले. पण त्यांत नियमाप्रमाणे टाकलेले चेंडू दोनच! हे कसे घडले? पहिला चेंडू वाइड ठरला, परंतु मनीष पांडे क्रीझ सोडून पुढे आले होते आणि यष्टिरक्षकाने त्यांना यष्टिचीत केले. वाइडवर फलंदाज यष्टिचीत होऊ शकतो. चेंडू मात्र षटकात मोजला जात नाही. पुढील चेंडूवर युसूफ पठाण यांचा झेल तांबे यांनी स्वतः टिपला आणि त्यानंतरच्या चेंडूवर रायन टेन डोशेट पायचीत झाले. राजस्थानने तो सामना दहा धावांनी जिंकला. पेव उघडले गेले आणि त्यात धान्य होते.

येथेच लेखणी थांबविली, तर मी तुम्हांस अर्धेच सत्य सांगितले असे होईल. पेवाचे दुसरे अंगही पाहा. 2017 साली हैदराबादच्या संघाने तांबे यांना घेतले. परंतु त्या हंगामात त्यांना एकाही सामन्यात उतरविले नाही. डिसेंबर 2019 च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना 20 लक्ष रुपयांस घेतले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते; इतक्या वयाचा खेळाडू लिलावात विकला गेला याचे लोकांस नवल वाटले. तथापि 2018 साली ते परदेशातील दहा षटकांच्या स्पर्धेत खेळले होते, आणि निवृत्त न झालेल्या भारतीय खेळाडूस परदेशी लीगमध्ये खेळण्याची क्रिकेट मंडळाची मनाई असल्यामुळे ते अपात्र ठरले. संधी हाती येऊन निसटली.

या प्रसंगी एखादा हिरमुसला होऊन घरी बसला असता. तांबे त्याच वर्षी, 2020 साली, वेस्ट इंडीजमधील कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये त्रिनबागो नाइट रायडर्सकडून खेळले. त्या स्पर्धेत खेळणारे ते पहिले भारतीय. त्रिनबागोने त्या वर्षी बाराच्या बारा सामने जिंकून विजेतेपद मिळविले. तांबे यांच्या वाट्यास किती सामने आले? तीन, आणि बळीही तीन. उरलेले नऊ सामने त्यांनी बाहेर बसून पाहिले. मुलांनो, राखीव गड्याचे जीवन कसे असते ते या तीन व नऊ या दोन आकड्यांत सामावलेले आहे. तिनांसाठी सज्ज राहावयाचे आणि नवांत कडवट व्हावयाचे नाही.

आता एक उदाहरण बेसबॉलचे देतो, कारण त्यात वेगळा धडा आहे. सॅचेल पेज हा अमेरिकेतील विख्यात निग्रो पिचर. आज आपण कृष्णवर्णीय असा शब्द वापरतो व तोच योग्य होय. वर्णद्वेषामुळे त्याच्या बांधवांस गोऱ्यांच्या मुख्य लीगमध्ये 1947 पर्यंत प्रवेश नव्हता. क्लीव्हलंडच्या संघाने पेजला करारबद्ध केले ते 7 जुलै 1948 रोजी, त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. म्हातारा आणून खेळाची थट्टा चालविली आहे, अशी टीका झाली. पेजने त्या हंगामात सहा सामने जिंकून दिले, एक गमावला, आणि क्लीव्हलंडने वर्ल्ड सीरिज हे अजिंक्यपद पटकाविले. पुढे 1965 साली, एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीच्या संघाकडून तो तीन डाव टाकावयास उभा राहिला, तेव्हा प्रतिपक्षास केवळ एक फटका साधता आला. तांबे निवडसमित्यांच्या नजरेतून सुटले. पेजला मात्र जाणूनबुजून दाराबाहेर ठेवले गेले. दोघांच्या विलंबाची कारणे निराळी आहेत, हे न विसरता आपण दोघांचा गौरव केला पाहिजे. वाट पाहणे हा सद्गुण खरा; परंतु दुसऱ्यास विनाकारण वाट पाहावयास लावणे हा अन्याय होय.

हे वाक्य मी स्वतःस उद्देशूनही लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका संघाची निवड माझ्याकडे होती. मी अकरा मुले व एक राखीव एवढीच नावे काढली. उरलेल्यांस "तुमचे काम नाही" असे सांगून सरावातून मोकळे केले. त्यांत डावखुरी फिरकी टाकणारा एक लाजराबुजरा मुलगा होता. सामन्यांच्या आठवड्यात आमच्या दोन गोलंदाजांस गालगुंड झाले. मी त्या मुलास घरून बोलावून आणले. तो आला, आनंदाने आला. परंतु दीड महिना हातात चेंडू नसल्याने त्याचा टप्पा पडेना. तो मान खाली घालून परतला. पराभवाचे मला फारसे दुःख नव्हते. त्या मुलास स्वतःचाच दोष वाटला, आणि दोष तर माझा होता, हे शल्य मात्र राहिले. पेव भरण्याच्या दिवसांत मी ते मोकळे ठेवले होते.

म्हणून चौकात भेटलेल्या त्या गृहस्थांस माझे उत्तर असे: आपला मुलगा पाणी नेऊन देईल हे खरे, पण त्याबरोबर तो रोज चोवीस चेंडू एकाच टप्प्यावर टाकण्यास शिकेल. गणिताचा तास त्याने मुळीच बुडवू नये. तांबे यांनीही हवेत इमले बांधले नाहीत. नोकरी सांभाळून ते खेळले. आपल्या मुलास उद्या अकरांत स्थान मिळेलच, असे वचन मी देऊ शकत नाही. पावसातल्या त्या मैदानांवर तांबे यांच्याबरोबर घाम गाळणाऱ्या कितीतरी जणांस कोणी कधी बोलाविले नाही. तरीही ज्याने कोणी पाहत नसता आपले काम चोख केले, त्याच्या अंगी एक बळ येते, आणि ते बळ कचेरीत, शेतात, रुग्णाच्या उशाशी, कोठेही उपयोगी पडते. त्यास निवडसमितीची संमती लागत नाही.

आणि तेराव्या क्रमांकाच्या माझ्या विद्यार्थ्या, तुला एवढेच सांगणे आहे. या वर्षीची यादी मी चौदा नावांची केली, ती विचारपूर्वक केली. तुझे नाव तेथे शोभेसाठी लिहिलेले नाही. उद्या पहाटे साडेपाचास ये. चेंडू मी घेऊन येतो.